नंदकिशोरजींचा होकार

पांढरकवड्याच्या आमच्या गल्लीत नंदकिशोरजींइतका 'हो' म्हणणारा माणूस दुसरा नव्हता. गणपतीची वर्गणी मागायला मंडळ आलं, हो. शेजारीण म्हणाली, तुमच्या स्कूटरनं माझी तुळस आडवी केली, तर तिलाही 'हो, हो', आणि वरून गोड हसणं! गल्ली म्हणायची, देवमाणूस. कचेरी म्हणायची, माजलेला माणूस.

खरं दोघांनाही ठाऊक नव्हतं. नंदकिशोरजींचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच बंद पडला होता आणि उजवा निम्म्यावर आला होता. पण तहसिलीतला अव्वल कारकून, वय चौपन्न, बाप-आजाही कचेरीतच चष्मे झिजवून गेलेले. अशा घराण्यातल्या माणसानं कानात यंत्र खुपसून दाखल्यांच्या टेबलावर बसायचं? लोक काय म्हणतील? आता लोक जे म्हणतील ते त्यांना ऐकू येणारच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं की 'हो' म्हणायचं, ही त्यांची युक्ती. दहातून आठ वेळा निभायची. फारच अडलं तर 'लेखी द्या'. फोन तर ते उचलतच नसत.

पण घरात 'लेखी द्या' चालत नाही. शोभाताई गेले नऊ दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डबा ओट्यावर ठेवलेला, चहा स्टुलावर, तोंड भिंतीकडे. काय बिनसलं ते नंदकिशोरजींना कळेना, आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागणार. एवढंच आठवत होतं की त्या बुधवारी जेवताना ती काहीतरी बोलली होती, आपल्याकडे डोळे लावून थांबली होती, आणि आपण नेहमीसारखं 'हो' म्हटलं होतं. तेव्हापासून घास गिळताना तो 'हो' घशात आडवा येत होता.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी बाराला, केळापूरच्या सुग्राबी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढची बाई, चपला धुळीनं माखलेल्या. सोबत नात फिजा. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि उत्पन्नाचा दाखला संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात द्यायचा होता.

शिपाई लालसिंगनं गठ्ठ्यातून अर्ज काढला. "दादी, दाखला कसा होईन? याले तलाठ्याचा अहवालच नाही."

"म्या इचारलं होतं ना साहेबाले मागच्या हप्त्यात! तलाठ्याचा कागद नाही, चालते का? तर हो म्हनले. मंग म्हनलं, दाखला न्याले सोमवारी येऊ का शुक्रवारी? त्यालेबी हो म्हनले."

"मंग?"

"मंग का? सोमवारीबी आली, आजबी आली. साहेब दोनीले हो म्हनले तर दोनी दिवस याव लागते ना, बाबू!"

कचेरी खो-खो हसली. सगळे हसतात हे पाहून नंदकिशोरजीही हसले. एकटी फिजा हसली नाही. ती त्यांच्याकडे पाहत होती.

"साहेब, आज दाखला भेटन, का मी घरीच बसू?"

तोंड थांबलं. "हो," नंदकिशोरजी म्हणाले.

हसू जागच्या जागी विझलं.

"मी आता काय इचारलं, सांगा बरं?"

"हो, हो."

फिजा टेबलाला वळसा घालून आली, वाकली आणि त्यांच्या उजव्या कानापाशी सावकाश, मोठ्यानं म्हणाली, "तुम्हाले ऐकू येत नाही ना?"

हे मात्र ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. नंदकिशोरजींचे कान, ते बिनकामाचे दोन्ही कान, लालभडक झाले. जिभेवर 'लेखी द्या' आलं होतं. पण नजर खाली गेली ती नेमकी सुग्राबींच्या चपलांवर. केळापूरहून पायी दोनदा आल्या होत्या त्या चपला, यांच्या एका होकारावर.

"नाही येत," ते म्हणाले. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळलं नाही. बाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जनविसानंही मान वळवली.

लालसिंग कपाळाला हात लावून कानाशी आला. "साहेब! दोन वर्षं रोज मागून नमस्कार करून राह्यलो तुम्हाले. एकदाबी वळले नाही. मले वाटे, हा माणूस आपल्याले मोजतच नाही!"

दोन वर्षांचे नमस्कार. नंदकिशोरजींना वाटलं टेबलाखाली शिरावं. पण आधी ते म्हणाले, "तलाठ्याला फोन लाव. तू ऐक अन् मला या कानात सांग."

तलाठी सापडला. लालसिंग मोटारसायकलनं जाऊन अहवाल घेऊन आला, चारला सही झाली आणि फिजा दाखला घेऊन पळत सुटली. सुग्राबी जाता जाता त्यांच्या उजव्या बाजूला थांबल्या. "कान गेला त लाज कायची, साहेब? माहे दात गेले, म्या का तोंड झाकून फिरते?"

नंदकिशोरजींना हसता आलं नाही. लाज कानाची उरलीच नव्हती. तोंडून गेलेल्या होकारांची होती, आणि त्यातला एक घरी होता.

घरी येऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले, पाट ओढून उजवा कान शोभाताईंकडे येईल असे बसले.

"शोभा, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. लपवलं. त्या बुधवारी मी कशाला हो म्हटलं?"

शोभाताईंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. त्या भिंतीकडे पाहून काहीतरी पुटपुटल्या.

"पुन्हा सांग. मोठ्यानं."

"म्हटलं होतं, मी अनघाकडे कायमची राहायला गेले तर तुम्हाला बरं वाटेल का?" आता त्या ओरडूनच बोलल्या. अनघा म्हणजे लेक, अमरावतीला असते. "तुम्ही हो म्हणाले! आणि हसले!"

दाराआड अर्धी भरलेली बॅग होती. नऊ दिवस तिच्यावरूनच ते ये-जा करत होते. गल्लीतले टीव्ही एकेक करून हळू झाले. का, ते सांगायला नको.

नंदकिशोरजींनी मान खाली घातली ती वर होईना. तशीच ठेवून ते म्हणाले, "नाही. नाही गं. नाही." तिन्ही नकार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचले.

शोभाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोला, गल्ली ऐकून राह्यली."

त्यांचं तोंड हलायचं थांबलं. नंदकिशोरजींच्या ओठांवर 'हो' आलाच होता. त्यांनी तो गिळला आणि कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणालीस?"