जमादाराला मी काय सांगितलं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं मी हात जोडते आणि मुलांच्या परीक्षेचं बोलून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या साखरा गावचे नाही म्हणून. उद्या सकाळी कौसाच्या समोर उभं राहायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

कौसा, म्हणजे कौसल्या, माझी कॉलेजातली मैत्रीण आणि आता शेजारीण. हिंगोलीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. ती धनगराच्या घरातली, आई लहानपणीच गेलेली, बाप वर्षातले सात-आठ महिने मेंढ्या घेऊन बाहेर. इंग्रजीच्या तासाला ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायची, मी पहिल्या. तिला इंग्रजी बोलायला मी शिकवलं — हे मी गावात इतक्या जणांना सांगितलंय की आता लोकच मला सांगतात. पुढं लग्न होऊन मी तिच्याच गावात आले, तिच्या घराला लागून. ती वाशीमकडं दिली. तीन वर्षांत परत आली. नवरा मारायचा.

तेव्हा मी तिचं फार केलं. डबा नेऊन दिला, डोक्याला तेल लावून दिलं, तिच्या वतीनं चार बायकांशी भांडले. हे सगळं खरं आहे. पण एक सांगू? मला तेव्हा बरं वाटत होतं. तिचं वाईट झालं म्हणून नव्हे, तर — नाही, थांबा. म्हणूनच. माझा संसार धड चाललाय हे मला तिच्याकडं बघून कळायचं.

मग तिला ते काम लागलं. कुठली तरी परदेशी कंपनी, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी इंग्रजीत येणार, हिनं घरी बसून लॅपटॉपवर उत्तरं द्यायची. दुपारी सुरू व्हायचं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. पहिल्यांदा गावानं नावं ठेवली, बाई दार लोटून मोबाइल बघत बसते म्हणून. मीही त्यात हसून घेतलं. वर्षभरात तिच्या पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला. आणखी दोन वर्षांनी तिच्या हाताखाली सहा माणसं आली, त्यातली दोन तर गोरी. माझं बी.एड. मात्र लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली.

मत्सर म्हणजे काय, हे मला कोणी विचारावं. मी ओट्यावर तूर निवडत बसायचे आणि खिडकीतून तिचं इंग्रजी ऐकू यायचं. ती कुठं अडखळली की मला गोड वाटायचं. पुढं ती अडखळेनाशी झाली. मग मी तूर आत बसून निवडायला लागले.

आणि एक दिवस ती कागदांची फाइल घेऊन आली. पोर्तुगाल म्हणून देश आहे, समुद्राकाठी. तिथं म्हणे असा व्हिसा मिळतो — काम दुसऱ्या देशातल्या कंपनीचं करा, पगार तिकडून घ्या आणि राहा पोर्तुगालात, वर्षभर. कंपनीची परवानगी मिळाली होती, पगार त्यांच्या अटीत बसत होता, एका म्हातारीनं खोली द्यायचं कबूल केलं होतं. मी विचारलं, काहून जायलीस एवढ्या लांब? ती म्हणाली, "सुरेखे, तिथं कोनी इचारत न्हाई नवरा कुठं हाय म्हणून. येक वर्स तरी कोनी इचारू नये मला. बस."

मला तिच्या गळ्यात पडायला हवं होतं ना? मी मनात म्हणत होते, आता ही समुद्राकाठचे फोटो पाठवणार आणि मी ते भाकरीच्या पिठाच्या हातानं उघडून बघणार.

अर्जासोबत एक पानभर पत्र लागायचं, का जायचंय ते सांगणारं. ते तिनं मला तपासायला दिलं. "तुझं इंग्रजी पक्कं हाय," म्हणाली. मी लाल पेन घेऊन बसले. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही. मग उगीच एक बरा शब्द खोडून दुसरा लिहिला, आणि तिनं तो तसाच ठेवला.

आता राहिला होता पोलिसांचा दाखला. बाईवर गुन्हा नाही, बाई दिलेल्या पत्त्यावर राहते, एवढंच. ठाण्यातून माणूस येतो, घर बघतो, शेजारी विचारतो. तो आला त्या दिवशी कौसा हिंगोलीला कागदांवर बँकेचे शिक्के आणायला गेली होती, बाप मेंढ्यांसोबत लांब. दाराला कुलूप. जमादारानं तिला फोन लावला, लागला नाही. बसमध्ये असेल. तो माझ्या ओट्यावर टेकला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "ताई, या कौसल्याबाई हितंच राहतेत ना?"

एवढाच प्रश्न. "व्हय" म्हणायला किती वेळ लागतो? फोन माझ्या मांडीवर होता. तिला परत लावता आला असता. बस एव्हाना कनेरगाव नाक्यापर्यंत, रेंजमध्ये, आलीही असेल.

मी म्हणाले, "कशाच्या राहतेत साहेब. धनगराचं घर हाय. मेंढरामागं फिरनारी मानसं, आज हितं तर उद्या तिथं. त्यायचा काय ठिकाना?"

हे मला आधी सुचलेलं नव्हतं. पण ते आलं कुठून? तिच्या ताटात जेवलेली मी, तिच्या जातीवर बोट ठेवून बोलले, कारण मला माहीत होतं की हे लगेच पटतं. साधं "नाही राहत" म्हटलं असतं तर त्यानं चार घरं आणखी विचारली असती. हे ऐकून त्यानं कुलपाकडं पाहिलं, "बराबर हाय" म्हणाला आणि लिहिलं. सहीसुद्धा मागितली नाही. मी त्याला चहा पाजला. दुधाचा, साखर जास्त घालून.

संध्याकाळी कौसानं विचारलं, कोणी आलतं का? मी म्हणाले, न्हाई.

दाखला नाकारला गेला तेव्हा ती फाइल छातीशी धरून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "लिवलंय, अर्जदार पत्त्यावर राहत न्हाई. मंग मी राहते कुठं गं?" मी पोळी तव्यावर टाकलेली होती, ती उलटली. मग म्हणाली, तू चल माझ्यासोबत ठाण्यात, तू शेजारीण, तुझं ऐकतील. जमादारानं मला ओळखलं असतं. मी म्हणाले, पाहुणे येऊन राहिले गं, कसं येऊ? पाहुणे कोणी येणार नव्हते. मग खोटं उघडं पडू नये म्हणून नणंदेला फोन करून बोलावून घेतलं. चार दिवस राहिली ती, पुरणपोळी खाऊन गेली.

कौसानं दुसरीकडच्या शेजारणीला नेलं, पुन्हा अर्ज केला. दाखला मिळाला, पण दोन महिने गेले. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख निघून गेली, म्हातारीनं खोली दुसऱ्याला दिली. नवी तारीख मिळेपर्यंत कंपनीनं नियम बदलला, ज्यानं त्यानं आपल्याच देशातून काम करायचं. झालं. फाइल तिनं कपाटावर टाकली. मी तिला खूप समजावलं. "नशिबात नव्हतं," म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की माझं मलाच खरं वाटलं.

त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहायलाच हवं. पश्चात्तापानं तळमळले असं लिहिता आलं असतं, तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मी झोपले. ती जाणार नव्हती.

आणि नंतर काय झालं, ऐका. तिच्या कंपनीत एक जागा निघाली. तिनं मला न विचारता माझं नाव दिलं. कंपनीनं तिला माझ्याबद्दल लिहून मागितलं — किती वर्षं ओळखता, विश्वासू आहे का. तिनं लिहिलं, सोळा वर्षं, आणि हो. मला दाखवूनच पाठवलं, इंग्रजी तपासायला.

मी ते काम घेतलं. त्याच दिवशी होकार कळवला. आता रोज दुपारी तिच्याच खोलीत, तिच्या बाजूच्या टेबलाला बसते. ती चहा ठेवायला उठली की मी मान वळवून तिच्या पडद्यावर बघते, आज तिनं किती तक्रारी निकालात काढल्या ते. माझ्यापेक्षा जास्त असतात. अजून पोटात दुखतं.