ओळंब्याचं नाव

कार्यक्रमांच्या मंचाशेजारी दिव्यांसाठी अॅल्युमिनियमचे टॉवर उभारणाऱ्या त्या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा लावून टॉवर सरळ झाल्याशिवाय आणि तारेचे चारही ताण आवळल्याशिवाय तो वर एक दिवा चढवू देत नसे. वीस वर्षांत त्याचा टॉवर कधी हलला नाही, आणि कंपनीच्या मॅनेजरने 'ए टॉवरवाल्या' याखेरीज त्याला कधी हाक मारली नाही.

त्या दुपारी तो डबा खायला बसला. फोटोत तारा घाण दिसतात म्हणून मॅनेजरने तेवढ्यात पुढचे दोन ताण सोडवले. हा हात धुऊन येतो तोवर वारा सुटला आणि टॉवर आडवा झाला. खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून निभावलं.

"हा उभा कोणी केला?" चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं.

मॅनेजरने ओळंब्याचं खरं नाव घडाघडा सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.