कुजबुजराव आणि घरी निघालेलं कासव

आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर एकच होते आणि त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. दिवसा ते वीज कंपनीच्या बिलांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत आणि संध्याकाळी संहिता हातात घेऊन विंगेत उभे राहत. मी ओळ विसरणार हे मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. माझा डावा खांदा म्हणे किंचित वर जायचा. तो गेला की पुढचा शब्द इतका अलगद यायचा, की प्रेक्षकांना वाटावं, काय सुंदर थांबल्या बाई! त्या थांबण्यांवर मी टाळ्या घेतल्या आहेत. निम्म्या त्यांच्याच होत्या.

तर उरल्यासुरल्या मंडळींनी जुन्या नाटकाचा एक प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं, तेव्हा मी एकाच अटीवर हो म्हटलं. विंगेत कुजबुजराव हवेत. त्यांनी निरोप धाडला, जमणार नाही. का, कशासाठी, काही नाही. अंगात ताप असताना खांबाला टेकून तीन अंक उभा राहिलेला हा माणूस. मला काही उमगेना. शेवटी सकाळीच त्यांच्या घरी जाऊन धडकले.

वहिनींनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

"कासवाबरोबर गेलेत. जेवायला परत आले तर आपलं नशीब."

आत कुजबुजराव कॉम्प्युटरसमोर बसले होते. चष्मा कपाळावर, पायात एकच सपात. बाजूच्या चहावर साय धरली होती. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, आधी मला हे कासव समजावून सांगा.

त्यांची भाची सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होती. तिनेच मामांना या नादाला लावलं होतं. महिनाभर रोज सकाळी एक कोडं येतं. मला वाटलं शब्दकोडं असेल, आडवे उभे शब्द. तसं नव्हतं. कोडं सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा, त्यातून एक आकडा निघतो, तो बरोबर आला तर एक चांदणी मिळते. पहिल्या दिवशी एक कासव फरशांवरून घरी निघालं होतं आणि ते कोणत्या फरशीवर दुसऱ्यांदा पाय ठेवील ते शोधायचं होतं. आता कासवं बरीच झाली होती आणि फरशाही जागा बदलत होत्या. फरशा का बदलतात, असं मी विचारलं. कोड्यात तसं आहे, असं ते म्हणाले. मग कासवाला तिथेच बसवा की, असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी भलत्याच अंकातली ओळ म्हटली होती.

मग त्यांचा आवाज विंगेतला झाला.

"बाई, सुरुवातीला हे चहा निवायच्या आत सुटायचं. पुढे आंघोळ लांबायला लागली. आता जेवण गार होतं. रोज कालच्यापेक्षा जास्त वेळ. दादाचंही असंच सुरू झालं होतं."

त्यांचे थोरले भाऊ मला माहीत होते. शेवटी शेवटी ते यांना वडिलांच्या नावाने हाक मारायचे.

"तुमचा खांदा वर गेला आणि मला ओळच सापडली नाही, तर?"

तेवढ्यात ऑफिसला निघालेली भाची वहिनींच्या गुडघ्याची औषधं द्यायला आली. आमचे चेहरे पाहून तिने बॅग खांद्यावरून उतरवली. मी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"अहो मामा, ती कोडी रोज अवघड होत जातात. मुद्दामच तशी करतात. माझ्या ऑफिसातली निम्मी पोरं केव्हाच गळाली. तुम्ही अजून आहात, हेच नवल आहे."

मला केवढं हायसं वाटलं! कुजबुजरावही हसले. हसता हसता थांबले.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं," भाची हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

आता कोणी हसेना. मी भाचीकडे पाहिलं, भाचीने जमिनीकडे. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी सांगितलेलं यांच्या कानात शिरलेलं नाही. म्हणजे आजार तेव्हापासूनचा म्हणायचा का?"

कुजबुजरावांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि भाचीला म्हणाले, ते पहिलं कोडं काढ, कोऱ्या पाटीवर पुन्हा करतो. वहिनींनी ताजा चहा आणून ठेवला. कुजबुजरावांची बोटं चालू लागली. अधूनमधून ओठ हलत होते, आवाज नव्हता. आम्ही तिघी मागे उभ्या, पडद्यामागे उभं राहावं तशा. आकडा आला. चहाची वाफ अजून निघत होती.

मी विचारलं, "आठवलं, की नव्याने सुटलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"तेच कळेना."

भाचीचं म्हणणं, आठवलं असेल तर स्मरण शाबूत, नव्याने सुटलं असेल तर डोकं शाबूत, काळजी कशाची करता? ऐकायला चोख होतं. पण मग या दोहोंपैकी नेमका आनंद कशाचा मानायचा, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं. निघताना त्यांनी मला फक्त पहिली तालीम कधी आहे ते विचारलं आणि पुन्हा त्या दिवसाच्या कासवांकडे वळले.

तालमीला ते आले. दुसऱ्या अंकात माझा खांदा वर गेला, आणि ओळ आली. मला वाटलं, जराशी उशिरा आली. ते म्हणतात ओळ वेळेवरच होती, बाईच नेहमीपेक्षा आधी अडल्या. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.