घारीचा हात थरथरला तेव्हा

कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणायचे. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी क्रेन ती चालवायची. काचेच्या केबिनमध्ये बसून दिवसभर माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवायची. ‘घारीनं अंडं उचललं तरी तडा जायचा नाही,’ असं खालचे फिटर कौतुकानं म्हणत. तिलाही आपल्या हाताचा अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी तिचं अंग जड झालं, केस मूठमूठ गळायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, “गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडली आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तिच्यावर उलटल्या आहेत.”

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा की,” ती म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली. गाडी रुळावर आली.

यंदा मात्र पुन्हा थकवा आला. रक्त कमी आहे म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. कामाच्या घाईत ती दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घ्यायची. पुढच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा बिघडलेला निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिची गोळी वाढवली. लोहाच्या गोळ्यांचं सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. थोड्या दिवसांनी त्या संपल्या आणि ती त्यांना विसरूनही गेली.

मग सुरू झालं ते भलतंच. बसल्याजागी छाती धडधडायची. पंख्याखाली घामाच्या धारा. झोप उडाली. भरपेट जेवूनही कपडे ढिले व्हायला लागले. नवऱ्याच्या हातून चमचा पडला तरी ती अंगावर धावून जायची.

“अगं, तुझ्याशी बोलायचं म्हणजे निखाऱ्यावरून चालायचं झालंय,” तो एकदा म्हणाला.

“चाळिशी उलटली की होतं असं,” सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

कामावर मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. केबिन गेली तर? या एकाच भीतीनं ती रोज वर चढायची.

त्या दिवशी एका यंत्राचा अवजड दंडगोल हलवायचा होता. खाली शिट्टी वाजवून इशारे द्यायला तिचा जोडीदार उभा होता; त्याचं नावच ‘शिट्टी’ पडलेलं. वर्षानुवर्षं त्याची शिट्टी आणि तिचा हात ही जोडी ठरलेली. बोजा उचलला गेला, पुढे सरकला, आणि दांड्यावरचा तिचा हात थरथरला. क्रेनला हिसका बसला. दंडगोल झुलायला लागला. बाजूच्या यंत्रामागून एक फिटर नेमका तेव्हाच बाहेर आला.

कर्कश इशारा वाजला. शिट्टीनं फिटरला दंडाला धरून मागे ओढलं. तिनं दांडा सोडला नाही. डोळ्यांत घाम उतरत होता. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून ती झोका थांबायची वाट बघत राहिली. मग इंच-इंच करत तिनं बोजा खाली टेकवला आणि शिडी उतरून थेट सुपरवायझरसमोर उभी राहिली.

“साहेब, मला आता वर पाठवू नका. माझा हात माझ्या ताब्यात नाही.”

“काय बाई, सकाळी सकाळीच घेतली की काय?”

तिच्या अंगाची लाही लाही झाली. शिट्टीच मध्ये पडला. “साहेब, तोंड सांभाळा. तिनं स्वतः सांगितलं म्हणून आपल्याला कळलं.”

दुपारी नवरा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी नाडी धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, मग विचारलं, “मधल्या काळात एखादं औषध सुरू किंवा बंद केलंत?”

लोहाच्या गोळ्यांचं तेव्हा बाहेर आलं.

“लोहामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नव्हती. ती कमी पडतेय असं समजून मी वाढवली. आता लोह थांबलं, गोळी पुरी अंगी लागतेय, म्हणून ती जास्त होतेय. कधीकधी दुखावलेल्या ग्रंथीतूनही हार्मोनचा साठा एकदम रक्तात सांडतो. रिपोर्टनंतर तेही बघू.”

“मग गोळी बंदच करून टाकते!”

“मुळीच नाही. बंद केलीत तर दुसऱ्या टोकाला जाल. रिपोर्ट आला की मात्रा कमी करू. पण रक्तात साठलेलं औषध उतरायलाही वेळ लागतो. दीड महिन्यानं पुन्हा तपासू.”

रिपोर्टनं डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरवला आणि गोळीची मात्रा कमी झाली. तो दीड महिना तिनं जमिनीवर काढला, बोज्यांना पट्टे बांधत. तिच्या केबिनमध्ये दुसराच बसलेला. वरून लोखंड सरकायचं आणि तिची मान आपोआप आत जायची. एकदा वैतागून तिनं गोळ्यांची बाटली केराच्या डब्यात टाकली. नवऱ्यानं ती काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली. ती त्याच्यावर ओरडली, आणि मग रडली.

हळूहळू छाती शांत झाली, झोप लागायला लागली. पुढचा आकडा ठीक आला. डॉक्टरीणबाईंनी कामावर जायची परवानगी दिली, पण बजावलंही, “हा आजार मुक्कामाला आलेला पाहुणा आहे. आकडे पुन्हा हलतील. छाती धडधडली, अंग जड झालं, की लगेच यायचं.”

वर चढल्यावर तिनं आधी पंजा पसरून निरखला. खाली शिट्टी वर बघत उभा होता. पहिला बोजा टेकेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला.

पुढच्या वर्षी आकडे पुन्हा हलले. अंग जड झालं, इशारा हातापर्यंत पोहोचायला क्षणभर उशीर व्हायला लागला. या वेळी तिनं हिसक्याची वाट बघितली नाही. सकाळीच सुपरवायझरला म्हणाली, “साहेब, आज मी खाली काम करते. दुपारी दवाखान्यात जायचंय.”

त्यानं मान डोलावली. “जा बाई. रिक्षा बोलावू का?”

“नको,” ती म्हणाली आणि पट्टे उचलायला वाकली.