क्लचवरचा पाय

अगं ये इकडे, बस अशी जवळ. कागदावर का होईना, बस. दीड महिना झाला, मी एवढं एवढं लिहून विचारते, जेवलीस का, खोलीत ऊन येतं का, आणि तुझ्याकडून नुसता अंगठा येतो. मावशी आहे मी तुझी, बँक नाही अंगठा घ्यायला. तर आता मुकाट्यानं ऐक. क्लचचं सांगायचंय.

आपली पिकअप साडेआठ वर्षांची. दिल्लीत डिझेलच्या गाडीचं आयुष्य दहा वर्षं. त्यानंतर तिनं दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात जाऊन राहायचं. म्हणजे माझ्याआधी तीच रिटायर होणार. तिच्यातून मी लोकांचे सोफे आणते, नवी कव्हरं शिवते आणि परत पोचवते. तुझ्या काकांचा गुडघा गेला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, स्टिअरिंगवर मीच.

त्या दिवशी मागे तीन जणांचा सोफा होता. उड्डाणपुलाचा चढ आला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी होती तिथेच. आणखी दाबला, इंजिन आणखी ओरडलं. आणि वास! इस्त्री कापडावर विसरली की येतो ना, तसा. शेजारून एक सायकलवाला आला, मागे दुधाचे दोन कॅन. मला म्हणाला, "आंटी, धक्का दूँ?"

मी म्हटलं, "चल तो रही है, दिखता नहीं?"

"वही तो नहीं दिख रहा," म्हणाला आणि गेला पुढे.

कशीबशी नजफगढ रोडवर मिस्त्रीकडे पोचले. त्यानं हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. धड गाडी अशा वेळी गचका खाऊन बंद पडते. आपली आरामात गुरगुरत राहिली. "प्लेट गई, माताजी. स्लिप मार रही है. कोई नया सीख रहा था इस पे?"

बघ, माणसाला कधी कधी उत्तर तयारच मिळतं. तू तेव्हा आठ दिवस सेक्टरच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर पहाटे गाडी शिकत होतीस. शिकवत मीच होते, पण ते मला त्या क्षणी आठवलं नाही. म्हटलं, "हाँ, भांजी."

पुढचं तुला पाठ असेल. जेवायला बसलो होतो, तुझ्या आईचा फोन स्पीकरवर होता, आणि मी म्हणाले, "जिला चार गिअर सांभाळता येत नाहीत, ती जिल्हा काय सांभाळणार!" गावाहून कलेक्टरच्या परीक्षेसाठी आलेल्या पोरीला, तिच्या आईला ऐकू जाईल असं. तू भात कालवत होतीस. कालवलास, खाल्लास, ताट धुतलंस. तिसऱ्या दिवशी क्लासजवळ खोली घेतलीस. जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणालीस. आपल्या द्वारकेहून मेट्रो थेट जाते, बसायलाही मिळतं, हे मलाही माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. मी समोर स्टूल टाकून बसले. तो म्हणाला, "माताजी, घर जाओ, टाइम लगेगा." मी म्हटलं, माझं शिवण दुसरं कोणी उसवायला लागलं तर मी घरी जाते का? बसले.

आधी क्लच प्लेट निघाली. तिला दोन्ही बाजूंनी अस्तर असतं. ते घासून संपलं होतं आणि आतले रिव्हेट वर आले होते. अस्तर गेल्यावर काय होतं हे मला कोणी समजवायला नको. मग दिसलं फ्लायव्हील. इंजिनच्या मागचं जड लोखंडी चाक, प्लेट त्यालाच चिकटून फिरते, म्हणून गाडी चालते. त्यावर रिव्हेटनी गोल चऱ्या पाडलेल्या, जळलेल्या तव्यासारखे निळे डाग, आणि केसाएवढ्या बारीक भेगा, खूप. मी विचारलं, लेथवर घासून नाही का व्हायचं? तो म्हणाला, भेगा खोल आहेत, नवंच टाका.

वर म्हणाला, "ये आठ दिन का काम नहीं है माताजी. ये सालों की मेहनत है."

म्हटलं, आधीच्या मालकाची असेल. तो म्हणाला, गाडी तर तुम्ही नवी घेतली होती. म्हटलं, मग आमच्या ह्यांची असेल. तो म्हणाला, साहेब तर चार वर्षं शेजारी बसतात. मग मी चहा मागवला.

नवं फ्लायव्हील बसलं, नवी प्लेट, नवं बेअरिंग. बोल्ट त्यानं समोरासमोरचे आवळले, मी गोल गादीला टाचण्या लावते तसे. पद्धतशीर माणूस. मग म्हणाला, चला, एक चक्कर मारा. तो शेजारी बसला, मी गाडी काढली. चढावर अशी गेली की मला वाटलं, बाई, हीच का ती? मी खुशीत. मिस्त्री खाली बघतोय.

"माताजी, पैर कहाँ है?"

"कौन सा?"

"बायाँ."

बघते तर डावा पाय क्लचच्या पेडलवर, विसावलेला. गिअर बदलून केव्हाच झाला होता. "तो और कहाँ रखूँ?" म्हटलं. खरंच सांगते, मला ठाऊकच नव्हतं की तो दुसरीकडे कुठे ठेवतात. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसले. टाका चालू असो नसो, पाय पायट्यावरच. गाडीत बसले तरी पाय आपल्या जागी गेला. पेडल थोडं दाबलेलं राहिलं की प्लेट पूर्ण चिकटत नाही, घासत राहते. चार वर्षं घासत राहिली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. त्या दिवशी तू मला पंपावर उतरवून आलीस."

आठवलं. रिक्षानं आले होते बिचारे.

आणखीही आठवलं. गिअर पडला की तू पाय काढून खाली ठेवायचीस, आणि मी ओरडायचे, "पाय काढू नकोस, तिथेच असू दे!" एकदा तू म्हणालीस, "मावशी, व्हिडिओत तर खाली ठेवायला सांगतात." मी म्हटलं, गाडी व्हिडिओची आहे का माझी?

महिनाभर टाळलं, काल तुझ्या आईला फोन केला, काकांसमोर, स्पीकरवरच. सांगितलं, क्लच माझ्या पायानं गेला, पोरीच्या नाही, आणि ते जिल्ह्याचं बोलले ते मी परत घेतलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? तिला सांग."

म्हणून तुला सांगतेय. चुकले मी.

जुनं फ्लायव्हील घरी आणलंय. कापडाच्या थप्प्या दाबायला ठेवलंय, उचलवत नाही एकटीला. आणि नव्या क्लचला सुरुवातीला जपायचं असतं म्हणे. माझ्या पायाचा काही भरवसा नाही, अजून आपोआप तिकडेच जातो. तेव्हा रविवारी ये. मागचा रस्ता अजून रिकामाच आहे. गाडी तू चालव, मी शेजारी बसेन, सीटवर मांडी घालून. धुवायचे कपडे असतील ते घेऊन ये. अंगठा पाठवू नकोस, तूच ये. लवकर ये गं.