न तपासलेली नागली

नाशिकला पेठ रोडच्या बाजूला आमची छोटी बियाणे बँक आहे. जुन्या वाणांचं बी गावोगावच्या बायकांकडून घ्यायचं, बरण्यांत जपायचं आणि मागेल त्याला पेरायला द्यायचं, हे आमचं काम. दर उन्हाळ्यात प्रत्येक बरणीतले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने किती उगवले ते रजिस्टरात लिहायचं. ही तपासणी माझ्याकडे होती.

त्या वर्षी सटाण्याला भाचीचं लग्न होतं. बऱ्याच बरण्या मी उघडल्याच नाहीत. हळव्या नागलीपुढे, म्हणजे लवकर येणाऱ्या नाचणीपुढे, मागच्या वर्षी ब्याण्णव लिहिलेलं होतं. मी नव्वद लिहिलं. दोन कमी केले की खरं वाटतं.

जूनच्या सुरुवातीला पेठकडच्या एक मावशी आल्या. ही नागली त्यांनीच आम्हाला दिली होती. छप्पर गळून घरचं बी भिजलं, म्हणून त्या एसटीने न्यायला आल्या होत्या. मी पुडी बांधून दिली. वर "नव्वद टक्के उगवेल, मावशी," असंही सांगितलं.

जुलैत त्यांच्या पाड्यावर गेले. पालापाचोळा जाळून रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात इथे चार, तिथे दोन रोपं होती. शेजारी त्यांची जाऊ उभी होती.

"बियाणं तर तुमच्या बँकेतलं, त्याला काय व्हनार?" मावशी म्हणाल्या. "मीच नीट भाजलं नसंल."

"हिला मी सांगत व्हते," जाऊ म्हणाली. "ऐकंल तर!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाले, "पुढच्या वेळी बी जरा वरवर पेरा." मावशींनी मान डोलावली.

नाशिकला येऊन त्या बरणीतले दाणे फडक्यात ठेवले. शंभरात अकरा उगवले. झाकण सैल होतं, आत दमट वास येत होता. रजिस्टरातला आकडा खोडला, वरिष्ठांना सांगितलं. ते खूप रागावले. मला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीही आता लाज वाटते. कारण मावशींकडे जायला मी दिवाळी उलटू दिली.

त्या अंगणात पाखडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मग तवा का नाय बोलली? मला वाटलं, माझा हातच गेला. जावेकडून रोपं मागून लावली. वर तिचं बोलणं ऐकलं."

"चुकलं माझं, मावशी."

"मला नको सांगू." त्यांनी घराकडे तोंड करून जावेला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली. "आता हिला सांग."

मी परत पहिल्यापासून सांगितलं, वरवर पेरायच्या सल्ल्यासकट. जाऊ मावशींकडे बघत राहिली.

आमच्या पुडीतल्या जगलेल्या थोड्या रोपांची कणसं बियासाठी म्हणून आढ्याला बांधलेली दिसत होती. बँकेच्या बरणीत त्या वाणाचं धड बी आता उरलं नव्हतं, पण ती कणसं मागायचं तोंड मला नव्हतं, आणि मावशींनीही दिली नाहीत.