जंतू निल, पस सेल भरपूर

मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमा होतात. त्याला कुठं जावं लागत नाही. लोक बाटलीत घालून आणून देतात! आणि बाटली टेबलावर ठेवता ठेवता असं काही बोलून जातात, की ऐकणाऱ्याचे कान गरम व्हावेत.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी ब्रह्मपुरीला डॉक्टर खोब्रागडेंच्या खासगी दवाखान्यात लॅब सांभाळायचो. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. स्टाफ म्हणजे डॉक्टर, कंपाउंडर सत्तारभाई आणि मी.

डॉक्टरांना नाद होता पुरुषांच्या खालच्या दुखण्याचा. मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक छोटी ग्रंथी असते. ती बिघडली की ओटीपोटात, मांड्यांच्या मध्ये ठणका लागतो, लघवीला आग होते, बसवत नाही. वर्षानुवर्षं हे चालतं. डॉक्टर बोटानं ती ग्रंथी आतून दाबून दोन थेंब काढायचे आणि काचपट्टीवर घेऊन माझ्याकडे पाठवायचे. मी त्यात पस सेल मोजायचो.

आमच्याकडचे पुरुष हे दुखणं कुणाला सांगत नसत. ते सांगायला लागले आणि धक्के आम्हाला बसायला लागले!

*

पहिला धक्का गुरुजींचा. चामोर्शीकडच्या शाळेत शिकवायचे. वर्गात सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर बसायचे, इतका त्रास.

त्यांची काचपट्टी बघितली तर पस सेलच पस सेल! पण जंतू एकही दिसेना. डॉक्टर मला म्हणाले, "मधुकरभाऊ, पुन्हा करा." पुन्हा केली. जंतू नाहीत. मग नमुना नागपूरला कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला पाठवला. तिथूनही तेच. जंतू निल.

डॉक्टर माझ्या स्टुलावर बसूनच राहिले. "पस सेल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू घुसला की त्या धावून येतात, असं आम्ही शिकलो. मंग जंतूच नाई, तं ह्या कोणाच्या मागं धावून राह्यल्या?"

गुरुजींना आत बोलावलं. डॉक्टरांनी समजावलं, "गुरुजी, बाहेरून काही लागलं नाई. तुमच्याच पेशी तिथी जमा झाल्या अन् आग करून राह्यल्या."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. "बाहेरून कोणापासून लागलं नाई? नक्की?"

"नक्की."

"साहेब, तीन वर्षं झाले, मी बायकोशी बोलत नाई. मले वाटलं, हे तिच्यापासून लागलं."

मी दाराबाहेर बघितलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. गुरुजींची ट्यूब मांडीवर धरून!

*

नामदेव नावाचा सुतार होता. दुखणं नेमकं कुठलं, हे कळायला लघवी तीन भागांत तपासतात. सुरुवातीची धार एका बाटलीत, मधली दुसरीत, शेवटची तिसरीत. सत्तारभाईंनी गर्दीत घाईघाईनं सांगितलं, "तीन बाटल्या. पहिली, मधली, शेवटची. समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्या आल्या. मी तपासल्या आणि चक्रावलो. पहिली बरी. तिसरीत साखर. आणि मधली पसनं नुसती गढूळ! एका माणसाच्या लघवीत हे कसं होईल?

मी विचारलं, "नामदेवभाऊ, कशा घेतल्या या?"

"सांगितल्या तशाच! पहिली माही. मधली बायकोची. शेवटची आमच्या बुढ्याची!"

सत्तारभाई हसून हसून भिंतीला टेकले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "बायकोले घेऊन ये. आत्ताच."

ती आली. अंगात ताप, कंबर धरून चालत होती. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, कधीपासून हाये हे?"

"पोराच्या टायमापासून."

"पोरगा केवढा?"

"शाळेत जाते."

"अन् बोलल्या काऊन नाई?"

ती आमच्याकडे असं बघायला लागली, जसं काही आम्हीच वेडे आहोत. म्हणाली, "इचारलं कोणी?"

*

ठणक्यावर डॉक्टरांचा एक साधा इलाज होता. कोमट पाण्यात कमरेपर्यंत बसायचं, रोज अर्धा तास.

एका हमालाला हा इलाज सांगितला. पंधरा दिवसांनी गडी हसत आला. "साहेब, एकदम आराम!"

डॉक्टर खूश. "टब घेतला का?"

"टब कायचा? राईस मिलमध्ये काम करतो ना मी. उकड्या तांदळाचे धान भिजवाचा हौद हाये तिथी. पाणी कोमट, हौद मोठा. मालक जेवाले गेला का मी बसतो!"

"रिकाम्या हौदात?"

"नाई जी. धान असते ना खाली. मऊ लागते!"

डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "अन् ते तांदूळ... जातात कुठी?"

उत्तर सत्तारभाईंनी दिलं. अगदी हळू आवाजात. "साहब, अपने डब्बेवाले के यहाँ."

त्या दुपारी दवाखान्यात कुणीही डबा उघडला नाही!

*

एकदा भर दुपारी दवाखान्यासमोर पॅसेंजरांनी भरलेली बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला, वाकून चालत आत आला. जंगलातले खड्डे आणि इंजिनाजवळची ती सीट! बसणंच अशक्य झालं होतं. पण तपासणी बोटानं होते, हे कळताच तो दाराकडे पळाला.

दारात कंडक्टर उभा. हा पहिलवान गडी. म्हणाला, "अबे, भीतो कायले? पह्यले मी करून दाखवतो! घ्या साहेब, माही पह्यले घ्या!"

डॉक्टरांनी खरंच घेतली. मग लाजेखातर ड्रायव्हरही तयार झाला. बाहेरून पॅसेंजर ओरडत होते, "किती टाइम बे?" आणि आत माझ्यासमोर दोन काचपट्ट्या.

ड्रायव्हरची बघितली. जवळजवळ स्वच्छ! इकडे एक पेशी, तिकडे एक. कंडक्टरची बघितली आणि मी डोळा काढून पुन्हा लावला. पस सेलचा बाजार भरलेला! नावाच्या चिठ्ठ्या तपासल्या. बरोबर होत्या. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही दोनदा बघितलं.

"तुले काही त्रास?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"मले? काईच नाई!"

ड्रायव्हर भिंतीला धरून उभा होता. घामानं डबडबलेला, ओठ दाबून धरलेले. तो आधी कंडक्टरकडे, मग डॉक्टरांकडे बघत राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"म्हंजे साहेब... पेशी याच्या, अन् दुखणं मायं?"

*

आता दसरूचा किस्सा. तो दिवस मी अजून विसरलो नाही.

दसरू एटापल्लीच्याही पलीकडच्या गावातला गोंड माणूस. दोन दिवस पायी चालून, मग बस बदलत आलेला. मराठी जेमतेम. सगळ्यांना 'तू' म्हणायचा, डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी पोट तपासायला सदरा वर करायला सांगितला आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

बेंबीखाली डागण्या. तापल्या सळईच्या. जुन्या काळ्या, नव्या लालसर. मी मोजल्या. अकरा!

"कोणी केलं हे?"

दसरूनं एकेका डागावर बोट ठेवत सांगितलं. "हा म्हणे, भूत हाय, मले माहीत हाय. डागला. हा म्हणे, बाईची नजर, मले माहीत हाय. डागला. बाजारातला सुईवाला डॉक्टर म्हणे, गरमी हाय, मले माहीत हाय. सुई मारला, मंग डागाले सांगला."

सत्तारभाई तोंड फिरवून बाहेर गेले.

तपासणी झाली. काचपट्टी माझ्याकडे आली. तेच ते. जंतू निल, पस सेल भरपूर. दसरू माझ्या मागं येऊन उभा राहिला. "मायं दुखणं त्याच्यात दिसते?"

मी बाजूला झालो. त्यानं डोळा लावला. एवढा वेळ लावून ठेवला की डॉक्टरही आत आले.

"हे गोल गोल काय हाय?"

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या रक्तातल्या पेशी. अंगात कोणी घुसलं का तुले वाचवाले येतात."

"कोण घुसला?"

"कोणीच दिसत नाई."

दसरूनं पुन्हा बघितलं. मग वळून सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत विचारलं, "वाचवाले आल्या, तं मलेच काऊन चावून राह्यल्या?"

डॉक्टर नागपूरला शिकलेले. त्यांच्या टेबलावर जाडजाड पुस्तकं होती. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात हाच प्रश्न होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दसरू, मले नाई माहीत."

मी हादरलो. इतक्या वर्षांत पेशंटसमोर हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता हा माणूस उठणार आणि पुन्हा त्या सळईवाल्याकडे जाणार.

"तुले नाई माहीत?"

"नाई. आग कमी करायची गोळी देतो. गरम पाण्याचा शेक सांगतो. फरक पडला तं पडला. पण काऊन होते, ते मले नाई माहीत. कोणालेच नाई माहीत."

दसरूनं सदरा खाली ओढला. खांद्यावरची गाठोडी काढून कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून नीट मांडी घालायचा प्रयत्न केला. दुखलं, तरी बसला.

"मंग तुयाच जवळ औषध घेतो," तो म्हणाला.